अडगळीच्या खोलीतील अमानती



शाबानचा महिना लागला की आपल्या घरांत रमजानच्या तयारीला आरंभ होतो. भिंती झाडल्या जातात, गोधड्या आणि रजया उन्हात पडतात, डबे घासून पुन्हा भरले जातात. परंतु जवळजवळ प्रत्येक घरात एक जागा अशी असते की, तिचे दार आपण उघडतो आणि आत नजर टाकून पुन्हा लावून घेतो. खेड्यात ती पडवी किंवा पत्र्याची शेड असते, जुन्या घरात माळा असतो. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी यांसारख्या शहरांत ती तळमजल्यावरची शटर लावलेली खोली असते. घर बांधताना ती गाडीसाठी म्हणून बांधलेली असते, पण गाडी तेथे कधीच शिरत नाही. तुटक्या खुर्च्या, गंजलेले कूलर, रंगाचे रिकामे डबे, जुने टायर, लग्नातील मोठी भगोनी, कोणाकोणाच्या पेट्या आणि ट्रंका यांनी ती भरून गेलेली असते. गाडी बाहेर गल्लीत उभी राहते आणि येणारे-जाणारे अंग चोरून वाट काढतात.

ही गोष्ट केवळ टापटिपीची आहे, धर्माचा तिच्याशी काय संबंध, असे आपणास वाटेल. मलाही तसेच वाटत होते. म्हणून आधी माझ्या स्वतःच्या घरची हकिगत सांगतो. ती सांगताना मला लाज वाटते, तरीही सांगतो, कारण कदाचित आपल्याही घरात अशीच एखादी गोष्ट दडून असेल.

हंड्यावरचे नाव

माझे वडील सुतारकाम करीत. त्यांच्या इंतकालानंतर चार वर्षे आम्ही खालची खोली उघडलीच नाही, असे म्हटले तरी चालेल. नवीन सामान आले की दारातूनच आत सरकवायचे, एवढाच तिचा उपयोग उरला होता. एका शाबानमध्ये मुलांना हाताशी घेऊन ती रिकामी करायला घेतली. अगदी तळाशी, पोत्यांखाली, तांब्याचा एक मोठा हंडा निघाला. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेण्याची रीत आहे. हंड्याच्या गळ्यावर नाव होते, आणि ते आमच्या घरातले नव्हते. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचे ते नाव होते. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पाण्यासाठी आम्ही त्यांच्याकडून हंडा आणला होता. लग्नाच्या गडबडीत तो परत करायचा राहिला, मग त्यावर पोती पडली आणि आम्ही विसरलो.

बाई वारल्या होत्या. हंडा घेऊन मी त्यांच्या मुलाकडे गेलो. त्याने तो पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हा हंडा आमच्या कामवाल्या बाईने नेला असे आईला वाटले होते. म्हणून आम्ही तिला कामावरून काढले."

वाचकहो, मी चोरी केली नव्हती. खोटेही बोललो नव्हतो. केवळ एक वस्तू तिच्या जागी ठेवली नव्हती आणि परत केली नव्हती. एवढ्यानेच एका गरीब स्त्रीच्या कपाळी चोरीचा आळ आला आणि तिची भाकरी गेली. चौकशी केली तेव्हा कळले की, काम सुटल्यावर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाऊ लागली होती आणि त्या वेळीही ती कोपीवरच होती. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तो संपूर्ण रमजान मी रोजे ठेवले, तरावीह पढली, पण दुआसाठी हात उचलले की तो हंडा डोळ्यांसमोर येई. ईदनंतर काही दिवसांनी ती परतली. मी आणि त्या बाईंचा मुलगा दोघेही तिच्या दारी गेलो, ज्या शेजाऱ्यांसमोर तिचे नाव खराब झाले होते त्यांना बोलावले आणि सर्वांदेखत चूक कबूल केली. तिने एवढेच विचारले, "इतकी वर्षं तो तुमच्याच घरात होता व्हय?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

अमानत आणि तिची जागा

अल्लाहने कुरआनात श्रद्धावंतांना आज्ञा दिली आहे की, अमानती त्यांच्या हक्कदारांपर्यंत पोहोचत्या कराव्यात (४:५८). प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दांभिकाची जी लक्षणे सांगितली, त्यांत अमानतीत खयानत करणे हे एक आहे (बुखारी, मुस्लिम). आपण या शिकवणीचा विचार करतो तेव्हा आपल्या मनात मोठमोठ्या रकमा, जमिनीचे कागद, दागिने येतात. परंतु मागून आणलेली शिडी, कोणाचे पाहुण्यांसाठी आणलेले अंथरूण, मशिदीच्या कार्यक्रमानंतर घरी राहिलेली सतरंजी, मदरशाची देग याही अमानतीच आहेत. खैबरच्या मोहिमेनंतर युद्धात मिळालेल्या मालातून, वाटणीपूर्वी, एक चादर उचलणाऱ्या माणसाविषयी प्रेषितांनी (स.) किती कठोर इशारा दिला, आणि तो ऐकून एक जण चपलेचा एक-दोन बंद घेऊन कसा धावत आला, ही घटना हदीसमध्ये प्रसिद्ध आहे (बुखारी, मुस्लिम). चपलेच्या बंदाचाही जेथे हिशेब आहे, तेथे तांब्याच्या हंड्याचा का नसावा?

आता हिजरतची रात्र आठवा. इ. स. ६२२ मध्ये मक्केच्या सरदारांनी प्रेषितांच्या (स.) हत्येचा कट रचला होता. घराला वेढा पडणार होता. अशा घडीला प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. त्यामागील एक मोठे कारण असे की, मक्केच्या लोकांनी प्रेषितांपाशी (स.) ठेवलेल्या अमानती ज्याच्या त्याला परत करायच्या होत्या. हजरत अली (रजि.) यांनी ते काम पूर्ण केले आणि मगच ते मदीनेला निघाले. जे शहर त्यांच्या जिवावर उठले होते, त्याच शहरातील लोकांच्या वस्तू त्यांच्या घरात सुरक्षित होत्या.

या प्रसंगातील सच्चेपणा आपण नेहमी सांगतो. पण त्यात आणखी एक बोध आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही. जीव धोक्यात असताना, एका रात्रीत, कोणती वस्तू कोणाची हे दुसऱ्याला सांगता येणे केव्हा शक्य आहे? प्रत्येक अमानत ओळखू येईल अशी ठेवलेली असेल तेव्हाच. आपण स्वतःला विचारावे: आज रात्री अल्लाहचे बोलावणे आले, तर आपल्या घरातील कोणती वस्तू कोणाची, हे आपल्या मुलांना सांगता येईल काय? प्रामाणिक मनाला व्यवस्थित घराची जोड नसेल, तर त्या प्रामाणिकपणाचा हक्कदाराला काय उपयोग?

साठवणे वाईट नाही

इस्लामने साठवण करण्यास मनाई केलेली नाही. हजरत यूसुफ (अलै.) यांची कथा आपणास ठाऊक आहे. सात सुकाळी वर्षांचे धान्य त्यांनी कणसांतच राखून ठेवण्याची योजना सांगितली, म्हणजे दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगतील (१२:४७-४८). कोठारांची जबाबदारी मागताना त्यांनी स्वतःचे दोन गुण सांगितले: राखण करणे आणि जाण असणे (१२:५५). चांगल्या साठवणीला आजही हेच दोन गुण लागतात. वस्तू सांभाळली पाहिजे, आणि काय, कोठे, कशासाठी आहे याची जाण पाहिजे. आपल्या अडगळीच्या खोलीत यांपैकी एकही नसतो.

आपल्या मराठवाड्यातील जुन्या माणसांना ही जाण होती. माळवदाच्या घरात जागा थोडी असे. जाड भिंतीत कोनाडे आणि फडताळे असत, खुंट्या असत. ज्वारी पेवात किंवा कणगीत जाई. मडक्यांची उतरंड रचली जाई, सर्वांत मोठे व जड मडके तळाशी आणि लहान वर. अंधारातही हात नेमका हव्या त्या वस्तूवर पडे. आज स्लॅबची घरे झाली, खोल्या वाढल्या, पण घरातली वस्तू शोधायला दिवस लागतो आणि सापडत नाही म्हणून आपण ती पुन्हा विकत आणतो. हाच इस्राफ आहे. उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनने सैतानाचे भाऊ म्हटले आहे (१७:२७). उधळपट्टी फक्त लग्नाच्या मांडवात होते असे नाही. घरात दोन असताना तिसरी आणणे हीही उधळपट्टीच आहे.

प्रेषितांनी (स.) अंथरुणांविषयी जे सांगितले ते येथे फार उद्बोधक आहे. एक पतीसाठी, एक पत्नीसाठी, तिसरे पाहुण्यासाठी, आणि चौथे असेल तर ते सैतानासाठी (मुस्लिम). अर्थात मुलेबाळे आणि घरची गरज पाहून संख्या बदलेल, तत्त्व मात्र स्पष्ट आहे. पाहुण्याचा वाटा धरूनही गरजेला एक सीमा आहे आणि त्या सीमेपलीकडचा संग्रह नेकीचा नाही.

बीड शहराच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात ती बांधली गेली. तिचे पाणी जमिनीखालच्या मार्गाने शेतांना मिळत आले आहे. नावाने ती खजाना आहे, पण तिची कीर्ती पाणी कोंडून ठेवण्यासाठी नाही, तर देत राहण्यासाठी आहे. आपली साठवण त्या विहिरीसारखी आहे की साचलेल्या डबक्यासारखी, हे प्रत्येकाने पाहावे.

माऊन: शेजाऱ्याचा हक्क

कुरआनच्या १०७ व्या सूरहचे नाव 'अल-माऊन' आहे. तिच्या शेवटी अशा लोकांची निंदा आहे, जे नित्य वापराच्या साध्या वस्तूही इतरांना देत नाहीत. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी माऊनचा अर्थ सांगताना डोल, भांडे, कुऱ्हाड अशा लोक एकमेकांना देतात त्या वस्तू सांगितल्या आहेत. विचार करा, नमाज विसरणाऱ्यांच्या बरोबरीने त्यांचा उल्लेख आला आहे! शेजाऱ्याने घमेले, फावडे किंवा शिडी मागितली आणि "आहे, पण सापडत नाही" असे उत्तर आपण दिले, तर शेजारी रिकाम्या हातानेच परतला. आपण कंजूष नव्हतो, पण परिणाम कंजुषाच्याच दारासारखा झाला. घरातील अवजारे हाताशी आणि जागेवर असणे हाही शेजारधर्माचा भाग आहे.

रस्त्याचेही तसेच आहे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानच्या शाखांपैकी एक शाखा आहे (मुस्लिम). आपल्या खोलीत भंगार आहे म्हणून आपली मोटारसायकल गल्लीत उभी आहे आणि तिला अडखळून एखादी म्हातारी पडली, तर ती शाखा आपण आपल्याच हाताने तोडली, असे म्हणावे लागेल.

वडिलांच्या पेट्या आणि बहिणीचा वाटा

आता या विषयातील सर्वांत नाजूक गोष्टीकडे येऊ. आपल्या अडगळीच्या खोल्यांत बहुधा मागील पिढीचे सामान असते. वडील गेले, त्यांच्या वस्तू खाली गेल्या आणि दार लागले. आपण याला आदर समजतो. वास्तविक शरीअतच्या दृष्टीने तो न वाटलेला वारसा असतो. मृताच्या मालातून कफन-दफनाचा खर्च, मग कर्जाची फेड, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत, आणि त्यानंतर उरलेले सर्व वारसांचे, हा क्रम ठरलेला आहे. आई-वडिलांनी मागे ठेवलेल्या मालात पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वाटा आहे, मग तो माल थोडा असो वा अधिक, असे कुरआनने स्पष्ट केले आहे (४:७). 'थोडा' या शब्दावर क्षणभर थांबा. त्यात करवत येते, शिलाई मशीन येते, तांब्या-पितळेची भांडी येतात, भंगारवाल्याला विकलेले लोखंडही येते.

आम्ही खोली रिकामी करीत असताना माझ्या मनात वडिलांची हत्यारांची पेटी भंगारात देऊन टाकावी असे आले होते. हंड्याच्या प्रसंगाने मी सावध झालो आणि बहिणींना बोलावले. सर्व वस्तू अंगणात मांडून त्यांची किंमत धरली. थोरल्या बहिणीने आपल्या वाट्यात केवळ रंधा मागितला. "अब्बांनी माझ्या पाटीची चौकट याच रंध्याने गुळगुळीत करून दिली होती, भाई," ती म्हणाली. चार वर्षे तो रंधा माझ्या खोलीत गंजत होता आणि ती संकोचाने मागत नव्हती. बहिणी मागत नाहीत याचा अर्थ त्यांनी हक्क सोडला असा होत नाही.

जुन्या ट्रंकेत चांदीचे दागिने निघाले तर त्यांचाही हिशेब करावा. हनफी मतानुसार चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम, आणि सोन्याचा साडेसात तोळे, म्हणजे सुमारे ८७.५ ग्रॅम आहे. निसाब पूर्ण होऊन चांद्र वर्ष उलटले की अडीच टक्के जकात आहे, दागिने वापरात असोत वा पेटीत. घरगुती वापराच्या वस्तूंवर जकात नाही. परंतु गरजेपेक्षा अधिक पडून असलेले सामान हनफी मतात सदका-ए-फित्र आणि कुर्बानीच्या निसाबात मोजले जाते, हे पुष्कळांना माहीत नसते. आपल्या परिस्थितीचा निर्णय जाणत्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावा.

काम कसे करावे

प्रथम, हे काम घरातील स्त्रीवर टाकू नका. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत, अशी साक्ष हजरत आयशा (रजि.) यांनी दिली आहे (बुखारी). सुट्टीचा एक दिवस काढून बाप-लेकांनी कंबर कसावी.

सर्व सामान बाहेर काढावे. आत ठेवून निवड होत नाही. पोत्याखाली किंवा डब्यामागे हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे, कारण आपल्या भागात विंचू आणि साप अशाच जागी बसतात. मग वस्तूंचे पाच भाग करावेत.

पहिला भाग दुसऱ्यांच्या वस्तूंचा. त्या त्याच आठवड्यात परत कराव्यात. मालक हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्याव्यात. मालक मुळीच ठाऊक नसेल तर पुरेशी चौकशी करावी, आणि तो सापडण्याची आशा संपल्यावर त्याच्या वतीने सदका करावा. दुसरा भाग न वाटलेल्या वारशाचा. तो सर्व वारसांसमोर मांडावा. तिसरा भाग देण्याजोग्या वस्तूंचा. चौथा आपल्या खऱ्या गरजेचा आणि पाचवा भंगाराचा.

तिसऱ्या आणि पाचव्या भागात गल्लत होऊ देऊ नका. जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ती अल्लाहच्या मार्गात देऊ नये, अशी ताकीद कुरआनने दिली आहे (२:२६७). फाटकी गादी गरिबाच्या दारात टाकणे हा सदका नसून आपला कचरा दुसऱ्याच्या घरी पाठविणे आहे. सायकल द्यायची असेल तर पंक्चर काढून द्यावी, मशीन द्यायची असेल तर तेल घालून, चालवून पाहून द्यावी.

जे ठेवायचे ते नीट मांडावे. भिंतीलगत लोखंडी अँगलची मांडणी करून घ्यावी. उतरंडीचा नियम पाळावा: जड ते खाली, हलके ते वर, रोजचे ते हाताच्या उंचीवर. पेट्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर किंवा फळ्यांवर ठेवाव्यात, म्हणजे ओल आणि वाळवी लागणार नाही. शिडी, फावडे, दोर भिंतीच्या खुंट्यांवर टांगावेत. प्रत्येक पेटीवर आत काय आहे याची चिठ्ठी चिकटवावी आणि दुसऱ्याची वस्तू असेल तर त्याचे नाव व तारीख लिहावी. उसनवारीची एक वही ठेवावी. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनात आली आहे (२:२८२), तीच सवय वस्तूंसाठीही लावून घेणे हिताचे आहे.

घराचे कागद, खरेदीखते, मुलांची प्रमाणपत्रे तळमजल्यावर ठेवू नका. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला आलेला पूर बीडच्या जुन्या लोकांच्या स्मरणात आहे. कपाशीवर फवारण्याची औषधे मूळ बाटलीतच, कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत. ती शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतू नयेत. पेट्रोल आणि रंग चुलीपासून व विजेच्या बोर्डापासून दूर असावेत. रात्री दिवे विझवावेत आणि भांडी झाकावीत, ही प्रेषितांची (स.) शिकवण (बुखारी, मुस्लिम) घराच्या रक्षणासाठीच आहे. जुने टायर आणि उघडे ड्रम यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात. आपल्या जिल्ह्यात पाणी साठविल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून ड्रम झाकावेत, आठवड्यातून एकदा कोरडे करावेत आणि टायर काढून टाकावेत. पवित्रता हा ईमानचा अर्धा भाग आहे (मुस्लिम), असे आपण मुलांना पाठ करून घेतो. त्यांना तो भाग या खोलीतही दिसू द्या.

प्रवाशाची ट्रॉली

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अनेक कुटुंबांचे संसार मावतात. अंथरूण, चार भांडी, पिठाचे पोते, कोयता. ती गरिबी आहे, तिचे कौतुक करणे हा त्या माणसांवर अन्याय होईल. पण ती ट्रॉली पाहून आपण स्वतःला एक प्रश्न जरूर विचारावा. प्रेषितांनी (स.) हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचा खांदा धरून त्यांना या जगात परदेशी माणसासारखे किंवा वाटसरूसारखे राहण्याचा उपदेश केला (बुखारी). आपल्या प्रवासात आपण काय नेणार आहोत? माणूस 'माझे, माझे' म्हणत राहतो, पण त्याचे तेवढेच, जे त्याने खाऊन संपविले, नेसून झिजविले किंवा सदका करून पुढे पाठविले, अशी शिकवण हदीसमध्ये आहे (मुस्लिम). खालच्या खोलीत पडून राहिलेले या तिन्हींत कोठेच बसत नाही. ते इतरांसाठी मागे राहते आणि त्याचा हिशेब मात्र आपल्याबरोबर येतो.

त्या दिवशीचा खरा कंगाल कोण, हेही प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. तो नमाज, रोजा आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कोणावर आळ घेतला असेल, कोणाचा माल खाल्ला असेल, आणि त्याच्या नेक्या त्या हक्कदारांना वाटून दिल्या जातील (मुस्लिम). हे आठवले की मला त्या स्त्रीचा प्रश्न पुन्हा ऐकू येतो. तिने मला माफ केले, अल्लाह तिला त्याचे उत्तम फळ देवो. पण ती ऊसतोडीहून परतण्यापूर्वी मीच गेलो असतो तर?

म्हणून, वाचकहो, या शाबानमध्ये ते दार उघडा आणि आतल्या प्रत्येक वस्तूला विचारा की, ती कोणाची आहे.

हे अल्लाह, आमच्या घरात राहून गेलेल्या लोकांच्या अमानती परत करण्याची आम्हाला सद्बुद्धी व संधी दे. आमच्या निष्काळजीपणाने ज्यांना त्रास झाला त्यांची मने आमच्याविषयी मऊ कर, आणि आम्हाला आमच्यामागे वारसांसाठी भांडण नव्हे तर नीट लावलेले घर ठेवून जाण्याची ताकद दे. आमीन.